दावीदाच्या मुठीतली तलवार : एका छोट्या बरोक ब्राँझ शिल्पाच्या संवर्धनाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका लहान संग्रहालयातले आहे. गावाचे, संस्थेचे आणि संबंधित व्यक्तींचे नाव येथे दिलेले नाही, आणि ओळख पटू नये इतपत काही तपशील बदललेले आहेत. मी तेव्हा तेथे धातुवस्तूंचा संवर्धक म्हणून कराराने काम करत होतो. या प्रकरणातली एक चूक माझ्या हातची आहे. तीही जशी घडली तशी लिहिली आहे.

वस्तू म्हणजे सुमारे ४० सेंटिमीटर उंचीचा, दोन आकृत्यांचा ब्राँझचा समूह. विषय जुन्या करारातला, शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या १७व्या अध्यायातला : मेंढपाळ दावीद आणि पलिष्ट्यांचा महावीर गल्याथ यांची लढाई. गोफणीचा गोटा कपाळात बसून गल्याथ पालथा पडला आहे, पण पुरता मेलेला नाही. एका कोपरावर भार देऊन तो उठू पाहतो आहे. दावीदाने एक पाय त्याच्या पाठीवर रोवला आहे, डाव्या हाताने त्याचे केस धरले आहेत आणि उजवा हात तलवार घेऊन डोक्याच्या वर वळवला आहे. कमरेला रिकामी गोफण लोंबते आहे. दावीदाजवळ स्वतःची तलवार नव्हती, त्याने गल्याथाचीच तलवार उपसून त्याचे शिर कापले, असे मूळ कथेत स्पष्ट सांगितले आहे. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरला.

डोनातेल्लोचा ब्राँझचा दावीद लढाई संपल्यावरचा आहे, शिर पायाशी पडलेले आणि मुद्रा शांत. मायकेलअँजेलोचा संगमरवरी दावीद लढाईपूर्वीचा मानला जातो. बर्निनीने १६२३-२४ मध्ये घडवलेला दावीद मात्र गोफण फिरवतानाच पकडलेला आहे, आणि बरोक शिल्पाची, म्हणजे १७व्या शतकातल्या गतिमान, नाट्यमय शैलीची, सारी ओढ त्या एका क्षणात दिसते. आमच्या समूहात हीच ओढ टेबलावर मावेल एवढ्या आकारात उतरली होती. समोरून पाहिले तर गल्याथाचा चेहरा दिसतो पण वार दिसत नाही. उजवीकडून वार दिसतो पण दावीदाचा चेहरा हाताआड जातो. पाहणाऱ्याने भोवती फिरावे अशीच ती रचना आहे.

अशा छोट्या ब्राँझ समूहांची मोठी परंपरा फ्लॉरेन्सची. १६व्या शतकातला शिल्पकार जांबोलोन्या याच्या बोर्गो पिंती रस्त्यावरील कर्मशाळेत ती रुजली आणि १६८७ मध्ये तीच जागा फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याच्या दरबाराचा शिल्पकार जोव्हानी बात्तिस्ता फोज्जिनी याच्याकडे आली. फोज्जिनी आणि त्याचा समकालीन मासिमिल्यानो सोल्दानी यांच्या काळात धार्मिक विषयांवरील छोट्या ब्राँझना राजाश्रय होता. मेदिची घराण्याची अखेरची वारस आन्ना मारिया लुइसा ही पतीच्या निधनानंतर १७१७ मध्ये ड्युसेलडॉर्फहून फ्लॉरेन्सला परतली, आणि १७२०च्या दशकाच्या आरंभी तिने तेथील शिल्पकारांकडून बायबलमधील व संतचरित्रांतील प्रसंगांवर ब्राँझ समूहांची एक मालिकाच करवून घेतली. १७३५च्या सुमारास कार्लो जिनोरी याने दोच्चा येथे चिनी मातीचा कारखाना काढला आणि सोल्दानी व फोज्जिनी यांच्या वारसांकडून जुने साचे व नमुने मिळवले. म्हणजे मूळ शिल्पकार गेल्यावरही साचे जिवंत राहिले. अशा समूहाकडे पाहताना म्हणूनच दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात : रचना कोणाची, आणि हे ओतकाम कधीचे.

संग्रहालयाच्या नोंदवहीत या दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर होते : 'दावीद व गल्याथ, इटालियन, १९व्या शतकातील प्रतिकृती.' हे कोणत्या आधाराने लिहिले, याचा कागद सापडला नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वी एका रहिवाशाने मृत्युपत्राने दिलेली ही वस्तू बहुतेक काळ कपाटातच राहिली होती.

अडचण

एका पावसाळी हिवाळ्यानंतर वार्षिक पाहणीत अभिरक्षक बाईंना दावीदाच्या मुठीपाशी फिकट हिरवी भुकटी दिसली. बोट लावले की ती पिठासारखी सुटत होती. आम्ही या प्रकाराला 'ब्राँझचा रोग' म्हणतो. धातूत क्लोराइड (मिठासारख्या क्षारांतला घटक) शिरलेले असले की दमट हवेत त्याची धातूशी क्रिया होत राहते, हिरवी भुकटी तयार होते, आणि क्लोराइड संपत नसल्यामुळे तीच क्रिया पुन्हा सुरू होते. तांब्याच्या भांड्यावर चढणारा साधा हिरवा थर आणि ही भुकटी यांत मोठा फरक आहे. पहिला थर धातूला झाकतो, दुसरी भुकटी धातू खात जाते.

त्याच सुमारास विश्वस्त मंडळापुढे दोन प्रस्ताव होते. पहिला असा की, ही प्रतिकृतीच असल्याने ती संग्रहातून कमी करून विकावी. दुसरा असा की, विकायची नसेल तर नव्या दालनात मांडावी, पण 'काळवंडलेली आणि डागाळलेली' दिसते म्हणून पूर्ण साफ करून तिला एकसारखा गडद रंग द्यावा. दोन्हींसाठी माझा अहवाल सहा आठवड्यांत हवा होता.

पहिले निदान आणि माझी चूक

मी पहिल्या दिवशी जे निदान केले ते सोपे होते आणि चुकीचे होते. समुद्र समोर, इमारत जुनी, हवा खारट. तेव्हा क्लोराइड हवेतून आले, असे मी टिपणात लिहून टाकले. त्याच दालनातील आणखी तीन ब्राँझ वस्तूंवर अशी भुकटी कोठेही नव्हती. ही गोष्ट मी पाहिली होती, पण तिचा अर्थ लावला नव्हता.

पृष्ठभागाच्या बाबतीतही मी घाई केली. वरचा काळा थर नंतर दिलेला असावा, असे वाटल्याने गल्याथाच्या पाठीवर, दावीदाच्या पावलाजवळ, साधारण एक सेंटिमीटरचा चौकोन घेऊन इथेनॉलचा कापसाचा बोळा फिरवला. काळा थर विरघळून बोळ्यावर आला आणि खालून तांबूस-सोनेरी, पारदर्शक थर उघडा झाला. मध पातळ करून धातूवर पसरावा तसा तो दिसत होता आणि स्नायूंच्या खोलगट भागांत अधिक गडद होता. तेथेच थांबायला हवे होते. पण हा थर किती टिकाऊ आहे हे पाहण्यासाठी मी त्याच चौकोनाच्या अर्ध्या भागावर अॅसिटोन मिसळलेला बोळा जरा अधिक वेळ धरला. तो उचलला तेव्हा त्यावर तांबूस छटा होती आणि खाली उघडा, पिवळसर धातू होता.

फ्लॉरेन्सच्या ब्राँझवरचा तो तांबूस-सोनेरी लेप हा धूळ किंवा डाग नसतो. तेल आणि राळ यांपासून केलेला हा पारदर्शक लेप शिल्पकाराच्या कर्मशाळेतच चढवला जाई. प्रकाश त्यातून आत जाऊन धातूवरून परत येतो, आणि त्या छोट्या आकाराला उजेडाची खोली मिळते. छिन्नीने कोरलेल्या केसांइतकाच तो लेप शिल्पाचा भाग असतो. मी काढलेला तुकडा नखाएवढा होता, पण तो परत लावता येणार नव्हता. त्याच दिवशी छायाचित्रासह ही नोंद करून अभिरक्षक बाईंना कळवले. त्यांनी काम थांबवले नाही. मात्र पुढचा कोणताही बोळा लावण्यापूर्वी संपूर्ण तपासणी लेखी झाली पाहिजे, अशी अट घातली. ती अट योग्य होती.

तपासणी

अंधाऱ्या खोलीत अतिनील प्रकाशाखाली समूह ठेवला तेव्हा बहुतेक पृष्ठभाग नारिंगी उजळला. ही चपड्याची, म्हणजे लाखेच्या पॉलिशची ओळखीची खूण आहे. भारतातून युरोपात जाणारी लाख १९व्या शतकात तेथील लाकडी सामानाच्या पॉलिशमध्ये सर्रास वापरली जाई, आणि कोणीतरी तिच्यात काजळी मिसळून हा समूह काळा केला होता. काळा थर झिजलेल्या जागी मात्र नारिंगी उजेड नव्हता. तेथे हिरवट-पिवळी, मंद झाक होती. दोन थर वेगळ्या द्रव्यांचे आणि वेगळ्या काळांचे आहेत, हे बोळा न लावता पाच मिनिटांत समजले असते.

क्ष-किरण चित्रांत दोन्ही आकृत्या वेगवेगळ्या ओतून नंतर जोडल्याचे दिसले. आतून पोकळ, भिंतींची जाडी बरीचशी सारखी, मानेपाशी आणि खांद्यांपाशी मेणाचे तुकडे एकमेकांना जोडल्याच्या कडा. मेणाचे शिल्प करून त्यावर माती चढवायची, मेण वितळवून काढायचे आणि त्या जागी धातू ओतायचा ही पद्धत आपल्याकडे मधूच्छिष्ट म्हणून ओळखली जाते. फ्लॉरेन्समधल्या कर्मशाळांनी तिच्यात भर घातली ती अशी की, मेणाचे शिल्प स्वतंत्र साच्यातून काढायचे, म्हणजे मूळ नमुना शाबूत राहतो आणि तीच रचना पुन्हा ओतता येते. आतला गाभा जागेवर धरणाऱ्या खिळ्यांची भोके आटे पाडलेल्या बारीक खुंट्यांनी बंद केलेली होती आणि बाहेरून इतकी घासलेली की डोळ्यांना दिसत नव्हती. हे कोणा मन लावून काम करणाऱ्या ओताऱ्याचे आणि कोरक्याचे काम होते.

धातूतली मूलद्रव्ये ओळखणाऱ्या एक्स-रे फ्लुरोसन्स यंत्राने मिश्रधातूत तांब्याबरोबर कथील, जस्त आणि शिसे सापडले. शिवाय अँटिमनी, निकेल, चांदी यांचे अंश होते. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात विजेच्या साह्याने शुद्ध केलेले तांबे मिळू लागल्यावर असे अंश ओतकामात फार कमी झाले. पण जुन्या भंगारातून केलेल्या नव्या ओतकामातही ते येऊ शकतात. त्यामुळे या वाचनाने वस्तू जुनी ठरत नाही. नोंदवहीतला '१९वे शतक' हा शेरा मात्र डळमळीत झाला.

सर्वांत उपयोगी ठरले ते सूक्ष्मदर्शकाखाली केलेले भुकटीचे नकाशाकाम. भुकटी चार ठिकाणी होती : मुठीपाशी, कोपराच्या आतल्या बाजूला, उजव्या कानामागे आणि डाव्या खांद्यावरच्या वस्त्राच्या घडीत. हवेतून आलेले क्षार असे चार ठिपके निवडून बसत नाहीत. शिल्प उभे असताना या चार जागांचा एकमेकींशी काही संबंध दिसत नव्हता. नकाशाचा कागद सहज आडवा फिरवला, समूह डाव्या कुशीवर झोपवला आहे अशी कल्पना केली, आणि चारही ठिपके वरून खाली एका ओळीत आले. काहीतरी पातळ द्रव्य मुठीवरून ओघळत गेले होते.

लहानपणी आमच्या दारात कल्हईवाला बसे. तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकला की पांढरा धूर उठे आणि आई आम्हांला मागे ओढी. नवसागर हे क्लोराइडच, आणि डाख देताना धातू साफ व्हावा म्हणून वापरले जाणारे झिंक क्लोराइडही त्याच जातीचे. मुठीतली तलवार पुन्हा निरखून पाहिली. ती वेगळ्या, अधिक पिवळ्या पितळेची होती आणि कथील-शिशाच्या डाखाने बसवलेली होती. चारही ठिपक्यांच्या जागी यंत्राने जस्ताचे प्रमाण आजूबाजूपेक्षा वाढलेले दाखवले आणि भुकटीने सिल्व्हर नायट्रेटच्या चाचणीत क्लोराइडची खूण दिली. कोणीतरी मोडलेल्या तलवारीच्या जागी नवी तलवार बसवताना समूह कुशीवर आडवा ठेवला, डाखाचे पाणी ओघळले, ते नीट धुतले गेले नाही, आणि नंतर सगळ्यावर काळे पॉलिश फिरवले. रोग समुद्राकडून आलेला नव्हता. तो दुरुस्तीतून आला होता.

मुठीत जुन्या पात्याचा खुंट शिल्लक होता. त्याची रुंदी नव्या पात्याच्या जवळजवळ दुप्पट होती. दुरुस्ती करणाऱ्याने मुलाच्या हाताला शोभेल अशी नाजूक तलवार दिली होती. मूळ शिल्पकाराने कथेप्रमाणे महावीराची तलवार दिली होती, जी त्या मुलाला पेलताना जड जावी. दावीदाच्या मनगटाचा ताण आणि मागे झुकलेला खांदा यांचा अर्थ मला तेव्हा लागला.

विचारात घेतलेले पर्याय

विश्वस्तांपुढे आम्ही पर्याय मांडले ते असे. सगळे जुने थर उतरवून नवा एकसारखा रंग देणे हा पहिला. तो मी निःसंदिग्ध शब्दांत नाकारण्याची शिफारस केली, कारण त्यात मूळ लेपही जाणार होता. वस्तूला हात न लावता कोरड्या पेटीत ठेवणे हा दुसरा. त्याने क्रिया थांबली असती, पण क्लोराइड आतच राहिले असते, आणि काळ्या लाकडी बैठकीला इतकी कोरडी हवा मानवणारी नव्हती. ३५ टक्के आर्द्रतेला ब्राँझ सुरक्षित राहते, लाकूड मात्र चिरते. तिसरा पर्याय रोगाचे मूळ शोधून तेवढ्याच जागी उपचार करण्याचा.

तिसऱ्याला सहमती मिळाली, पण त्यात दोन उपप्रश्न होते आणि खरी चर्चा त्यांवर झाली.

पहिला तलवारीचा. डाखाखालचे क्लोराइड काढायचे तर तलवार सोडवावी लागणार. सोडवल्यावर ती परत बसवायची का? एका सहकाऱ्याचे म्हणणे होते की ती चुकीची आहे हे सिद्ध झाल्यावर परत लावणे म्हणजे चूक पुन्हा करणे. अभिरक्षक बाईंचे म्हणणे होते की रिकाम्या मुठीचा दावीद पाहणाऱ्याला कळणारच नाही. खुंटाच्या मापाने रुंद तलवार नव्याने करण्याचाही विचार झाला. रुंदी माहीत होती, पण लांबी, टोक आणि कल माहीत नव्हता, त्यामुळे तो सोडून दिला.

दुसरा काळ्या थराचा. खाली तांबूस लेप आहे हे कळल्यावर तो सगळा उघडा करण्याचा मोह प्रत्येकाला होता, मलाही. पण काळ्या थराला उतरवणारे द्रावण आणि तांबूस लेपाला इजा करणारे द्रावण यांत किती कमी अंतर आहे, हे माझ्याच चौकोनाने दाखवले होते. उंचवट्यांवर तो लेप आधीच झिजलेला होता. काळा थर पूर्ण काढला असता तर ठिपकेदार, अर्धवट शिल्प हाती आले असते.

कार्यवाही

डाखाला उष्णता देऊन तलवार सोडवणे वेगाचे असते, पण लेपाजवळ ज्योत नेणे शक्य नव्हते. म्हणून सोनाराच्या बारीक करवतीने मऊ डाख कापला. त्याला दोन दिवस लागले. भुकटी सूक्ष्मदर्शकाखाली सुईने आणि स्काल्पेलने काढली. मग शुद्ध केलेल्या पाण्याचे छोटे लेपन त्या चार जागी पुन्हा पुन्हा ठेवले आणि प्रत्येक वेळी उतरलेल्या पाण्याची क्लोराइड चाचणी केली. चाचणी नकारात्मक येईपर्यंत हा क्रम चालू ठेवला.

यानंतर धातूवर बेन्झोट्रायझोल, म्हणजे धातूची पुढची झीज रोखणारे रसायन, लावण्याची रीत आहे. सामान्यतः ते इथेनॉलमध्ये विरघळवून देतात. येथे इथेनॉलने आजूबाजूचा लाखेचा थर विरघळला असता, म्हणून ते पाण्यात विरघळवून एका केसाच्या कुंचल्याने फक्त उघड्या धातूवर लावले. हे रसायन आरोग्याला अपायकारक असल्याने हातमोजे घालून, धूर ओढून घेणाऱ्या कपाटातच काम केले. शेवटी सूक्ष्मस्फटिक मेणाचा पातळ हात दिला. इतर पृष्ठभागावरची धूळ आणि जुने मेण व्हाइट स्पिरिटने काढले. त्याने दोन्ही थरांना धक्का लागत नाही, हे आधी लपलेल्या जागी तपासून घेतले होते.

तलवार परत बसवली. ती डाखाने नाही, तर बारीक पिन आणि पॅरालॉइड बी-७२ या सहज विरघळणाऱ्या चिकट द्रव्याने बसवली, म्हणजे पुढच्या माणसाला वेगळा निर्णय घ्यावासा वाटला तर तो घेता येईल. सहा महिने ब्राँझ बैठकीपासून वेगळे करून ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या बंद पेटीत ठेवले आणि दर पंधरा दिवसांनी त्या चार जागांची छायाचित्रे घेतली.

निष्पत्ती

भुकटी परत आली नाही. सहा महिन्यांनी ब्राँझ बैठकीवर ठेवून दोन्ही ४५ टक्क्यांच्या आसपासच्या आर्द्रतेत काचपेटीत आले. विक्रीचा प्रस्ताव विश्वस्तांनी मागे घेतला. नोंदवहीतला जुना शेरा खोडला नाही, त्याखाली तारखेसह नवा लिहिला : 'फ्लॉरेन्सची परंपरा, बहुधा १८वे शतक, तलवार नंतरची.' कोणा शिल्पकाराचे नाव घालावे असा आग्रह काहींचा होता. साचे हस्तांतरित होत गेलेले असताना केवळ ओतकामाच्या गुणवत्तेवरून नाव देणे मला पटले नाही, आणि आजही पटत नाही.

वेगळे काय करता आले असते

क्रम उलटा असायला हवा होता. आधी डोळे, मग अतिनील प्रकाश, मग क्ष-किरण, आणि गरज उरलीच तर बोळा. तोही पाठीवर नाही, तळाच्या आतल्या कडेवर. थराचा कणभर नमुना घेऊन त्याचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता तर दोन्ही थर मला एका ओळीत दिसले असते. आजूबाजूच्या निरोगी ब्राँझ वस्तू हा माझ्या पहिल्या निदानाविरुद्धचा पुरावा होता. तो पहिल्याच दिवशी टिपणात लिहिला असता तर पंधरा दिवस वाचले असते.

काळ्या थराबाबत एका ज्येष्ठ सहकाऱ्याने नंतर सांगितले की, द्रावण घट्ट जेलमध्ये धरून तो थर थोडा पातळ करता आला असता आणि लेपाची ऊब निदान दावीदाच्या आकृतीवर दिसली असती. शक्यता खरी आहे. पण पातळ केलेला दावीद आणि काळा गल्याथ असे दोन रंग झाले असते, आणि ती विभागणी शिल्पकाराने केलेली नव्हती. थांबलो हे मला योग्य वाटते.

तलवारीबाबत माझे मत बदलले आहे. आज मी तिला शेजारी ठेवली असती आणि मूठ रिकामी सोडली असती, कारण खुंटाची रुंदी उघडी राहिली की मनगटाचा ताण आपोआप कळतो. अभिरक्षक बाईंना हे लिहून कळवले आहे. पिन काढायला दहा मिनिटे पुरतील.

मांडणीच्या वेळी गल्याथाच्या पाठीवरचा चौकोन झाकण्यासाठी समूहाची ती बाजू भिंतीकडे करावी, अशी सूचना आली होती. अभिरक्षक बाईंनी ती मानली नाही. काचपेटी दालनाच्या मध्यभागी आहे आणि चारही बाजूंनी फिरता येते. दावीदाच्या पावलाजवळ, चौकोनाच्या एका अर्ध्यात तांबूस-सोनेरी लेप दिसतो, दुसऱ्या अर्ध्यात उघडा धातू, आणि पाटीवर दोन्हींचे कारण लिहिलेले आहे.